बॅचलर ब्लॉकचं मत

आखातात फहाहीलजवळची आमची वसाहत एका कंपनीकडून दुसरीकडे जाणार होती. जुन्या मॅनेजरनं जाता जाता सुचवलं, "रहिवाशांची समिती नेमा, तिची घटना लिहा. नव्या मालकांना ती पाळावी लागेल, असं मी करारातच घालतो." पुण्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हणून मसुदा माझ्याकडे आला.

वसाहतीत एका बाजूला फॅमिली क्वार्टर्स, दुसऱ्या बाजूला बॅचलर ब्लॉक. इकडे बॅचलर म्हणजे बायकापोरं गावी ठेवून आलेला माणूस. आमच्या काही बॅचलरांना नातवंडं होती. त्यांच्यातले भाई रत्नागिरीकडचे, फोरमन. ते म्हणाले, "साहेब, आमचं एकच कलम. जो राहतो त्याला मत. बाकी तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

"भाई, हे सांगायला लागतं का?" मी म्हणालो. भर सभेत ते कलम वाचूनही दाखवलं.

मग नव्या कंपनीच्या साहेबानं चहाला बोलावलं. मुंबईचा, आपलाच माणूस. "बॅचलर लोकांना मत दिलंत तर समिती त्यांचीच. तुम्ही इंजिनियर काय, सतरंज्या उचलणार?" आणि जरा थांबून, "मुलगी बारावीला ना? फॅमिली क्वार्टर्सना आम्ही हात लावणार नाही. शब्द देतो."

मी काय केलं ते सरळ लिहितो. सह्यांच्या प्रतीत कलम बदललं. कुटुंबामागे एक मत. कुटुंब म्हणजे इथे सोबत राहणारं.

बायकोनं विचारलं, "आणि भाई?" मी टीव्हीचा आवाज वाढवला.

हस्तांतर झालं आणि थोड्याच दिवसांत समितीपुढे बॅचलर ब्लॉक रिकामा करण्याचा ठराव आला. विरोध करणाऱ्यांना मतच नव्हतं. भाई खैतानच्या दाटीच्या वस्तीत गेले, एका खोलीत सहाजण.

मुलीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आणि आमच्याही दाराला नोटीस लागली. साहेबाला फोन केला.

"शब्द दिला होतात तुम्ही."

"असेल. पण घटनेत आहे का तसं?"

हा माणूस मला असा फसवेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. राग बोलून दाखवायचा कुणापाशी?

घर शोधत शेवटी खैतानला भाईंकडेच गेलो. त्यांनी बसायला गादी दिली. कलमाविषयी मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "घटनेवर तुमच्या सह्या चालल्या होत्या ना, तेव्हा आम्ही बाहेर खुर्च्या मांडत होतो. आधी सांगायचं तरी, साहेब. एवढ्या उन्हात नसत्या मांडल्या."

मग त्यांनी आपल्या घरमालकाचा नंबर सांगितला. मी तो उतरवून घेतला.