नानांच्या नदीच्या वह्या

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. आईला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. बहिणीला तर एकदा सांगायला बसलेही होते — मंठ्याला, तिच्या ओट्यावर, दोघी शेंगा फोडत — आणि ऐन वेळी भलतंच काहीतरी बोलून उठले. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच जमतंय की काय, कोण जाणे. एकदम सांगता येणार नाही मला. जरा मागून यावं लागेल.

आमचं घर जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. मी एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, बारा वर्षं झाली. ह्यांची बियाण्याच्या कंपनीत फिरतीची नोकरी. घरात कम्प्युटरमधलं कळणारी मी एकटी. ह्यांना साधा मेल पाठवायचा असला तरी मला हाक. त्याचा मला अभिमान होता — कबूलच करायला बसले आहे, तर हेही. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी नीट थापता यायची नाही, आणि त्यावरून नणंदांचं बरंच ऐकलं होतं. हा एक विषय असा होता, की तिथं मला कुणी चूक म्हणू शकत नव्हतं.

नाना म्हणजे माझे सासरे. शहागडला गोदावरीच्या काठावर त्यांची सगळी नोकरी गेली. कामही कसं — नदीत रोवलेल्या पट्टीवर पाणी किती चढलं, किती उतरलं ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. रोज सकाळी. पूर असला की तासातासाला. सरकारी रजिस्टर ऑफिसात जायचं, पण नाना स्वतःसाठी वेगळी वही ठेवायचे. तिच्यात पाण्याच्या आकड्यापुढं एखादी ओळ असायची. ‘आज पाणी गढूळ, वर कुठंतरी पाऊस झाला.’ ‘टरबुजाचे वेल गेले.’ ‘दोन म्हशी पोहून आल्या, धनी सापडला नाही.’ एकतीस वर्षांच्या एकवीस वह्या.

सासूबाई गेल्यावर नाना आमच्याकडं राहायला आले ते ह्या वह्यांची पत्र्याची पेटी घेऊनच. वाळवी लागली होती. पानं हातात घेतली की कडा गळायच्या. मी म्हटलं, नाना, कम्प्युटरमध्ये उतरवून घेऊ. मीच शिकवलं त्यांना. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे छोटे स्टिकर चिकटवून दिले. अडुसष्टाव्या वर्षी माणूस एका बोटानं ‘क’ कुठंय, ‘ळ’ कुठंय शोधत बसायचा. तीन वर्षं बसला. दुपारी जेवण झालं, की चष्मा पुसायचा आणि खुर्ची ओढायची. मी क्लासवरून आले की म्हणायचे, “सुनीता, आज आषाढ संपला बरं का माझा.”

एकेक वही उतरवून झाली की विचारायचे, “आता हिचं काय करू?”

मी काय सांगितलं ठाऊक आहे? म्हटलं, “नाना, कम्प्युटरात गेलं म्हणजे कायमचं राहिलं. ही वाळवी कशाला घरात ठेवता?”

रद्दीत द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. बसनं शहागडला जाऊन त्यांनी एकेक वही गोदावरीत सोडली. एकवीसच्या एकवीस.

मग तो कम्प्युटर रडायला लागला. सुरू व्हायला पंधरा-पंधरा मिनिटं. पडद्यावर रोज सूचना — ह्या सिस्टीमला आता कंपनीकडून अपडेट मिळणार नाहीत, नवीन टाका. एका रविवारी मी ठरवलं, आज ती टाकायचीच. नवीन सिस्टीम दोन तऱ्हांनी टाकता येते. आतलं सामान तसंच ठेवून, नाही तर सगळं पुसून, कोरं करून. दुसऱ्या तऱ्हेनं मशीन जल्दी चालतं. त्याआधी आतलं सगळं बाहेर काढून घ्यायचं. हे मी शिकवते. प्रत्येक बॅचला, पहिल्या आठवड्यात. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते — आधी बॅकअप. मुलं हसतात, इतक्या वेळा सांगते.

त्या दिवशी चार वाजता मैत्रिणीकडं बारसं होतं. मी ईश्वरीचे — माझ्या मुलीचे — फोटो पेन ड्राइव्हवर घेतले. ह्यांच्या कंपनीचे कागद घेतले. माझी सर्टिफिकेटं घेतली. पेन ड्राइव्ह भरला. नानांचं फोल्डर मी डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवून दिलंय, तो भाग आपण पुसणारच नाही, असं माझ्या डोक्यात. ते तिथं नव्हतंच. नाना म्हणाले होते, रोज शोधाया लागतंय, माझ्या डोळ्यासमोर ठेव — आणि मीच ते पहिल्या पडद्यावर आणून ठेवलं होतं, म्हणजे पुसायच्या भागातच. बघायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट?

नाना दारात येऊन उभे राहिले. “पोरी, माझं सगळं काढून ठेवलंस नं बराबर?”

“हो नाना, ठेवलं.” पडद्यावरची नजरही मी काढली नाही. आणि बटण दाबलं.

इथपर्यंत चूक होती. चुका होतात. नुसतं एवढंच असतं, तर तेव्हाच रडून मोकळी झाले असते.

बारशाहून आले तेव्हा दिवेलागण होत होती. नाना कम्प्युटरसमोर बसले होते. पडदा नवा, निळा, स्वच्छ. “सुनीता, माझ्या वह्या कुठं गेल्या? दिसून नाही राहिल्या.” मी साडीतच वाकून माउस हातात घेतला. दुसरा भाग उघडला. नाही. पेन ड्राइव्ह लावला. नाही. तेवढ्यात हे आतून आले — “काय झालं? काही गेलं का?”

आणि मी बोलले. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही, मीच बोलले. म्हटलं, “नाना, काल-परवा तुमच्या हातून काही दाबलं गेलं का? मी कॉपी घ्यायला बसले तेव्हा तुमचं फोल्डर नव्हतंच तिथं. मला वाटलं, तुम्हीच कुठं हलवलं असेल. मघा ‘ठेवलं’ म्हटलं ते बाकीच्या सामानाचं.”

नानांनी माझ्याकडं बघितलं. नंतर स्वतःच्या हाताकडं. “दाबलं असंल,” म्हणाले. “मला बिलकुल ध्यानात न्हाई.”

हे चिडले, “नाना, कितीदा सांगितलं, न विचारता हात लावत जाऊ नका.” ते खाली मान घालून ऐकत राहिले. शाळेत पोरं ऐकतात तसं. मी साडी बदलायला आत गेले.

आता खरं सांगायचं ते हे. नानांचे थोरले भाऊ म्हातारपणी सगळं विसरले होते. बायकोला ओळखायचे नाहीत, घरातून निघून जायचे, एकदा हायवेवर ट्रकांच्या मध्ये सापडले. नानांनीच त्यांना सांभाळलं होतं. नानांना मरणाची भीती नव्हती, ह्याची होती. चष्मा कुठं विसरला तरी त्यांचा चेहरा उतरायचा. “माझं तर दादावाणी होऊन नाही राहिलं नं?” मला विचारायचे. मलाच. आणि मी हसून म्हणायचे, काहीतरीच काय नाना. म्हणजे त्या संध्याकाळी मी जे बोलले ते कुठं जाऊन लागणार, हे मला माहीत होतं. न कळता झालं नाही. त्यांचं कुठं दुखतं ते माहीत होतं, म्हणूनच तिथं हात गेला — असं मी स्वतःला अनेकदा म्हटलंय, आणि ते खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही.

अजून एक आहे. पुसलेलं सगळं त्याच घडीला जात नाही. मशीन तसंच बंद करून जाणकाराकडं नेलं, तर बरंच परत मिळू शकतं. औरंगाबादला अशी माणसं होती, मला ठाऊक होती. पण त्यानं डिस्क बघितली की पहिल्यांदा हेच सांगितलं असतं, की बाई, ही नवीन सिस्टीम टाकताना पुसली गेलीय. हे सोबत आले असते. म्हणून मी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर सगळे फोटो परत भरले, प्रोग्रॅम टाकले, ईश्वरीचे सिनेमे टाकले. वर वर भरत गेले. खाली जे काही शिल्लक असेल ते गाडलं जाईल, हे कळत असताना.

नाना त्यानंतर कम्प्युटरला शिवले नाहीत. ते ठीक. पण हळूहळू बाकीचंही सोडलं. ईश्वरीला शाळेत सोडायला जायचे, ते बंद केलं — “मला माझा भरवसा न्हाई, पोरीला भलतीकडंच सोडून यायचो.” एकट्यानं शहागडला जाणं बंद. गोळी घेतली की डबीवर खडूनं रेघ मारायचे, तरी मला विचारायचे, “घेतली का मी?” ह्यांनी डॉक्टरांकडं नेलं. मीही होते, फाइल मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी बरंच विचारलं, तपासलं, म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे, काही झालेलं नाही ह्यांना. नाना म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मी तीन वर्षांचं काम पुसलं आन् मला त्याची याद न्हाई. मंग हे काय हाय?” डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं — असं झालं होतं का?

मी मान हलवली. हो.

एकदा शहागडहून रशीदभाई आले. हायवेला त्यांचं पंक्चरचं दुकान. त्यांचे वडील नावाडी होते. एका मोठ्या पुरात त्यांनी नाव घालून पलीकडच्या वस्तीतली माणसं काढली होती, पार अंधार पडेपर्यंत. नानांनी ते त्या दिवशी वहीत लिहिलं होतं, कोणकोण काढली त्यांच्या नावांसकट. दुसरीकडं कुठं ते लिहिलेलं नव्हतं. रशीदभाईंच्या मुलीला शाळेत गावाबद्दल लिहून न्यायचं होतं. म्हणाले, “नाना, अब्बांचं तेवढं पान काढून द्या ना. पोरीला पढून दाखवतो.”

मी चहा घेऊन आले होते. नाना उठून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, त्यांच्या मुलासारख्या असलेल्या रशीदभाईंपुढं हात जोडून. “रशीद, तुझ्या बापाचं नाव माझ्या हातनं पुसल्या गेलं. मला माफ कर बाबा.”

रशीदभाई एकदम घाबरले. “अहो नाना, काय करता, बसा” म्हणत त्यांनी नानांचे हात धरले. दोघांच्याही डोळ्यात पाणी. मी ट्रे ठेवला. रशीदभाईंना साखर किती, विचारलं.

त्या क्षणी बोलायला काय झालं होतं? ह्यांची भीती म्हणाल, तर हे तेव्हा दौऱ्यावर होते. मारणारं कुणी नव्हतं, घरातून काढणारं कुणी नव्हतं. मी नुसती चांगली दिसत होते त्या घरात, आणि मला तसंच दिसत राहायचं होतं. दुसरं काही कारण मला सापडलेलं नाही.

नाना चार वर्षांनी गेले. हृदयाचं दुखणं. डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं — दवाखान्यातल्या नर्सचं माहेर कोणतं तेसुद्धा त्यांना पाठ. जायच्या दोन दिवस आधी, दुपारी, हे त्यांच्या उशाशी बसले होते आणि मी मोसंबी सोलत होते. नाना ह्यांना म्हणाले, “तू मला त्या दिवशी लई बोलला. या पोरीनं मात्र एका शब्दानं बोल लावला न्हाई मला. तीन वर्षं शिकवलं तिनं, आन् मी सगळं घालवलं, तरी न्हाई. तिला जप.”

ह्यांनी मान खाली घातली. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, पण सलाईनमुळं पोचला नाही. म्हणून मीच पुढं वाकले. त्यांनी हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.