एक आत राहिला

भूकंपाला भ्यालेली माणसं आमच्या लातुरात गल्लोगल्ली सापडतील, पण भूकंपानंच ज्याला भिऊन दुसरीकडची वाट धरावी असा माणूस मी एकच पाहिला: आमचे इवाई. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. मी दुसरीपर्यंत शिकलो, पुढं सगळी उमर दाळ मिलमध्ये गेली, तेव्हा माझ्या लिहिण्यात कुणी चुका काढू नयेत. काढल्या तरी मी दुरुस्त करणार नाही.

तर हे इवाई कुणाच्याही घरी गेले की राम राम घालायच्या आधी छताकडं बघणार. मग भिंतीवर मूठ आपटून कान लावणार आणि बसणार ते उंबऱ्यापाशी, चपलांची तोंडं रस्त्याकडं करून. घरधनी म्हणतो, "पाव्हणं, आत या की," तर हे म्हणणार, "तुम्हीच बाहेर या, हवा चांगली हाय." एकदा न्हाव्याकडं अर्धी दाढी झाली असताना रस्त्यानं सोयाबीनचा ट्रक गेला आणि आरसा थरथरला. इवाई गळ्यातल्या फडक्यासकट रस्त्यावर! पुन्हा आत जायला बिलकुल तयार नाहीत. शेवटी न्हाव्यानं वस्तरा घेऊन उरलेला गाल रस्त्यावरच केला. जाणारे ऑटोवाले विचारायचे, "काका, आमचा नंबर कधी?" आणि इवाई साबणाच्या तोंडानं प्रत्येकाला सांगायचे, "बसा, होऊनच राहिलं."

हसावं असंच होतं सगळं, आणि आम्ही हसायचो. पण भूकंपाच्या त्या पहाटे इवाई शेतात माळ्यावर राखणीला होते आणि इहीणबाई दगडमातीच्या घरात झोपलेल्या. "तिला हाक मारायला कुणी नव्हतं," एवढं ते मला एकदाच बोलले. पुन्हा कधी नाही.

पुढं काही वर्षांनी त्यांचं पोरगं पुण्याला कामाला गेलं आणि सरकारनं बांधून दिलेल्या घरात हे एकटे उरले. सूनबाई जाऊन त्यांना घेऊन आली. आता आमच्याकडची रीत अशी, की बापानं लेकीच्या घरी चार दिवस पाहुणचार घ्यावा आणि निघावं; राहिला तर चारचौघांत त्याची इज्जत जाते. इवाई रीतीचे पक्के. पाचव्या दिवशी पिशवी भरून निघाले, तर लेकीचा चेहरा पडला. ते तसेच दारात थांबले, छताकडं बघितलं आणि मला म्हणाले, "इवाई, तुमच्या घराला बाहेर पडायचं वळण न्हाई. तेवढं लावतो. सगळे बाहेर आले, गणती पुरी झाली, की मी निघालो."

तेव्हापासून आमच्या घरात कधीही, म्हणजे जेवताना, आंघोळीच्या वेळी, टीव्हीवर मालिका रंगात आली असताना, इवाई अंगणातून पितळी परात उलथन्यानं बडवायचे आणि सगळ्यांनी हातातलं टाकून बाहेर पळायचं. लातुरात तेव्हा क्लासचं असं पीक आलं होतं, की ज्याला गच्ची त्याच्या गच्चीवर खोली, आणि खोलीत डॉक्टर व्हायला आलेल्या तीन पोरी. आमच्याही होत्या. परात वाजली की पोरी नोट्ससकट जिना उतरायच्या, सूनबाई कणकेच्या हातानं यायची, माझा मुलगा एकदा पंचा सावरत आला तेव्हा शेजारीण चांगली महिनाभर हसत होती. इवाई एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचे आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडायचे, "एक आत राहिला!"

तो एक म्हणजे मी. हे घर मी पोती उचलून बांधलंय. भूकंपातही त्याची एक वीट हलली नव्हती. परात वाजली म्हणून मी माझ्या घरातून पळू? मी आतून ओरडायचो, "पाव्हणं, माझं घर पडलं तर मी पुन्हा बांधीन, पण पळणार न्हाई." ते बाहेरून ओरडायचे, "बांधाल कशानं? वर पोचल्यावर?" मग सूनबाई चहा टाकायची, इवाई त्यातला अर्धा मला बशीत द्यायचे, आणि त्यांचं जाणं पुढं ढकललं जायचं.

अशात पोरींना कॉलेजात प्रकल्प करायला सांगितला. म्हाताऱ्या माणसांबद्दल लोक काय काय समजतात ते खोटं पाडून दाखवायचं. त्यांच्यातली किनवटची पोरगी मोठी जिद्दीची. तिनं लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून कॅमेरा मागून आणला. म्हातारी माणसं मंद असतात हे इवायांनी जिन्यावरच्या पोरींना पळण्यात मागं टाकून खोटं पाडलं. नवं शिकत नाहीत हे त्यांनी कॅमेरा स्वतः चालवून खोटं पाडलं, फक्त त्यात सगळ्यांचे पायच आले. मग ती माझ्याकडं वळली. "आजोबा, म्हातारी माणसं हट्टी असतात, एवढं एकच राहिलंय. उद्या परात वाजली की तुम्ही बाहेर यायचं."

खरं सांगतो, मला हुरूप आला. पाय तेव्हा धड होते. ह्या इवायालाही दाखवू, म्हटलं, मिलचं पाणी काय असतं ते. मी नवं धोतर काढलं, दुपारी कुणी नसताना खोलीतून अंगणात दोनदा पळूनही बघितलं.

सकाळी सगळे तयार. परात वाजली. मी उठलो, उंबऱ्यापर्यंत झपाट्यानं आलो, आणि बघतो तर काय, इवायांच्या अंगणातल्या बाजेच्या खुराला पिशवी टेकवलेली. भरलेली. वर त्यांची घडी केलेली घोंगडी. सूनबाई त्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा सारत होती, मान खाली घालून. गणती पुरी होणार म्हणून माणसानं तयारी केली होती.

मी उंबऱ्याच्या आतच मांडी घातली.

"आजोबा, या ना! चालू हाय कॅमेरा!"

"न्हाई येत."

"अहो, काल तर हो म्हणाले! हट्टीपणा खोटा पाडायचाय आपल्याला, आन तुम्ही तो खरा करून राहिले!"

"हाव, हाय मी हट्टी. काढ फोटो."

इवायांनी माझ्याकडं बघितलं. नव्या धोतराकडं बघितलं. मग पिशवीकडं. मग त्यांनी छाती भरून घेतली आणि असे ओरडले, की कोपऱ्यावरच्या पानटपरीतून माणसं बाहेर आली: "एक आत राहिलाऽऽ! काय करावं बाई ह्या माणसाला! आता मला जाता येतं का, सांगा!" सूनबाईनं चटणीचा डबा काढला आणि पळतच स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी चहाऐवजी पिठलं-भाकरी झाली.

प्रकल्पात बाकीचे सगळे समज खोडले गेले, हट्टाचा तेवढा राहिला, माझ्या फोटोसकट. पोरगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. आता ती डॉक्टर आहे. मागं भेटायला आली तेव्हा तिनं माझे गुडघे दाबून बघितले. उंबरा ओलांडायचा तर आता मला दोन माणसं लागतात. मी म्हटलं, "बाई, हे पाव्हण्यांना सांगू नको."

इवाई आता परात बसूनच वाजवतात. हातात पहिला जोर नाही, आवाज गल्लीच्या टोकाला पोचत नाही. पोरी नव्या नव्या येतात, त्यांच्या डोक्यांवर हात ठेवून ते मोजतात, मग दाराकडं तोंड करून थांबतात. इवायांना वाटतं, म्हातारा अजून हट्टानंच बसलाय. वाटू दे. मी आतून ओरडतो, "न्हाई येत, जा!"

आणि ते जात नाहीत.