रांगेतली माई

उल्हासनगरच्या कॅम्पात दरवर्षी पटकीची लस टोचत. आदल्या वर्षी माझा दंड टम्म सुजला होता, म्हणून त्या खेपेला मी रांगेतून सटकायच्याच बेतात होतो. पुढे पापड विकणारी एक सिंधी म्हातारी उभी होती. तिने माझं मनगट धरलं. "डरता है? मैं भी," म्हणाली आणि अशी खुदुखुदु हसू लागली की मलाही हसू आवरेना. बघता बघता सगळी रांग हसत सुटली. आमची पाळी आली तेव्हा तिने मलाच पुढे ढकललं. हसण्याच्या भरात सुई कधी टोचली, कळलंसुद्धा नाही.

"आता तुम्ही, माई," मी म्हणालो.

टोचणारा म्हणाला, "त्यांना सकाळीच टोचलंय."

माई तोवर रांगेच्या शेवटी, एका घामाघूम पैलवानाचं मनगट धरून उभी होती.