तेल चोळलेली पाठ

"काहून बे, तुले कायले पायजे हातमोजे? तुमची कातडी म्हशीची."

दिग्रसजवळच्या आमच्या गावात, मालकाच्या अंगणात, हे माझ्या नवऱ्याला ऐकवले गेले. कपाशीवर फवारणी होती. औषध नवे, कडक. त्याने फक्त हातमोजे मागितले होते. ओट्यावरचे सगळे हसले. नवराही हसला. मी मागे पाण्याची घागर घेऊन उभी होते. मीही हसले.

मालक म्हणाला, "घरून तेल चोळून येत जाय. औषध आत शिरत नाही."

आम्ही ते खरे मानले. वस्तीत बरेच जण तेल लावूनच फवारणीला जायचे. आदल्या वर्षी पाठीवरचा फवारणीचा पंप गळून नवऱ्याची पाठ सोलली होती, ती महिनाभरात भरून आली. आम्हाला वाटले, कातडी पक्की झाली. मी कामात चुकणारी बाई नाही. रोज सकाळी आधी तेल, मग भाकरी. मान, पाठ, दोन्ही हात.

"घास जोरानं," तो म्हणायचा. "म्हशीची हाय म्हनते मालक."

चौथ्या दिवशी तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, कोसळला. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "अंगाला काय लावलं होतं?"

"तेल."

त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी समजावले. कातडीत खाली नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, मरतात. त्या मेलेल्या पेशींचीच वर भिंत होते. तीही झडते, खालून नवी येते. पाठ भरली म्हणजे जाड झाली नाही, होती तेवढीच झाली. आणि हे औषध तेलात विरघळते. तेलासोबत ते भिंतीतून आत उतरते.

"मालकाची कातडी येगळी राह्यते काय?"

"नाही ताई. सगळ्यांची सारखीच."

दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याला आंघोळ घालताना त्याच्या पाठीला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

तेरवीनंतर मालक कागद घेऊन आला. मजुराने हातमोजे घालायला नकार दिला, असे त्यात लिहिले होते. "सही कर. तेल तर तूच चोळलं. पोलिसात गेली तं तूच अडकशील."

मी कागद परत दिला. ठाण्यात गेले. सगळे सांगितले, तेलसुद्धा.

"हे गाळा बाई," जमादार म्हणाला. "तुमच्याच अंगावर येईल."

"येऊ द्या. माह्यी चूक माह्या नावावर लिहा. मालकाची त्याच्या."

आता फवारणीआधी मी वस्तीतल्या प्रत्येकाचे नाव वहीत लिहिते. घरोघरी जाते. हातमोजे हाती पडल्याशिवाय आमच्यातला कोणी पंप उचलत नाही. म्हणून यंदा मालकाने दारव्ह्याकडचे मजूर बोलावलेत. त्यांना हे कोणी सांगितले नसेल. उद्या त्यांची जीप यायच्या आधी मी शेताच्या वाटेवर उभी असेन. मला हटवायचे असेल तर मालकाने स्वतः यावे.