बारीक तारेची जोडी

मेंडोलीन हातात घेतलं की मास्तर आधी त्याच्या पोटाला कान लावायचे. मग एखादी किल्ली पिळायचे, पुन्हा कान लावायचे आणि समोरच्याला विचारायचे, "कान संगं आणलाय, का घरी ठिवून आला?" कळमनुरीत त्यांच्याकडे शिकायला गेलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. मीही ऐकलं. मी त्यांच्या शेजारचा, लग्नकार्यात साउंड लावणारा माणूस. दोन दिवस शिकलो आणि गुपचूप वायरी गुंडाळायला परत गेलो.

मेंडोलीनच्या तारा जोडीजोडीने असतात. जोडीतल्या दोन्ही तारा एका सुरात लागल्या तर एकच तार वाजतेय असं वाटतं. त्यातली एक केसभर जरी उतरली तरी सूर किरकिरतो. मास्तरांची सगळी शाळा एवढ्यावर चालायची. शिकणारा पाणी प्यायला उठला की ते सगळ्यात बारीक जोडीतली एक तार हळूच उतरवून ठेवत. त्याने परत येऊन न तपासता वाजवायला सुरुवात केली की मेंडोलीनचा तो बाजा हातातून काढून घेतला जाई. मग आठवडाभर नुसतं बसून ऐकायचं.

"हात कुणालाबी येतो," ते म्हणायचे. "कान आधी पायजे."

झेडपी शाळेतले एक गुरुजी हौसेने पेढे घेऊन शिकायला आले होते. तीनदा फसले. मास्तर म्हणाले, "गुरुजी, तुमी हजेरीच घ्या. तितं समदे एका सुरात बोलतेत." गुरुजी उठून गेले ते पुन्हा दिसले नाहीत. पेढे मास्तरांनी ठेवून घेतले.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याचा राग येतो, पण त्याच्याशिवाय कार्यक्रम होत नाही. गोंधळ असो, उरुसातली कव्वाली असो, नरसीच्या जत्रेतलं भारूड असो, गाणाऱ्याने ओळ सोडली की मास्तर ती अलगद उचलायचे आणि अशी फिरवून परत द्यायचे की गाणाराच क्षणभर खुळावून जाई. मी मिक्सरवर बसून हे कितीदा ऐकलं असेल. त्या वेळी त्यांना सगळं माफ करावंसं वाटे.

त्यांच्या शेजारी बसून वाजवायची ती त्यांची मुलगी, रुबिना. आईविना वाढलेली, बापाच्या बाजाखाली झोपलेली पोर. तिचा हात बापापेक्षा गोड होता, हे मी आज बिनदिक्कत सांगतो. त्यांच्या हयातीत सांगायची सोय नव्हती. मास्तरांचं मेंडोलीन त्यांच्या उस्तादांनी दिलेलं. दोन बोटं लावली तरी खोली भरून जाई असा त्याचा आवाज. मास्तर सगळ्यांना एकच सांगायचे, "जो फसणार न्हाई, बाजा त्याचा." रुबिनाला दुसरं काही नको होतं. दागिने नको, भांडी नको. तो बाजा हवा होता, आणि बापाने आपल्या हाताने तो द्यायला हवा होता.

तिच्या हळदीच्या दिवशी अंगणात साउंड माझंच होतं. बायका म्हणाल्या, नवरीने वाजवावं. ती हसत उठली. मास्तर म्हणाले, "थांब, जुळवून देतो." त्यांनी पाठ फिरवून किल्लीला हात घातला तेव्हाच मी ओळखलं. तिने बाजा घेतला आणि हळदीच्या बोटांनी लगेच वाजवायला लागली. बापाने जुळवून दिलेला बाजा, आणि तोही त्या दिवशी, कोण तपासेल?

"बस," मास्तर म्हणाले.

सासरची माणसं बघत होती. मास्तरांनी बाजा काढून घेतला. "बारीक तार उतरेली व्हती. हिला कळलं न्हाई. पोरगी घिऊन जा, बाजा इथंच ऱ्हाईल."

मी म्हणालो, "मास्तर, आज तरी सोडा."

"काहून? सूर काय सुट्टीवर असतो?"

सासरे मोठ्याने हसले. त्यांना गंमतच वाटली. रुबिनाने बापाच्या हातातल्या बाजाच्या तारांवरची हळद ओढणीच्या टोकाने पुसली. दांडीवरच्या पडद्यांच्या कडेला थोडी राहिली, ती कधीच निघाली नाही. मला मास्तरांचा आजही राग येतो तो त्या दिवसाचा.

त्यानंतर ती माहेरी यायची, भाकरी थापायची, घर आवरायची, पण भिंतीवरच्या बाजाकडे बघायची नाही. मास्तरही बोलावत नसत. लग्नांत डीजे आला, शिकणारे आटले. मग एका कार्यक्रमात मास्तर मला सारखे खुणावू लागले, "वर कर, माझं वर कर." मी बटण शेवटपर्यंत चढवलेलं होतं. समोरचे लोक कानात बोटं घालत होते, आणि मास्तर वाजवत होते ती बारीक जोडी सरळ सरळ बेसूर. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान. मी कानाच्या मशीनचं नाव काढलं तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मला म्हणाले, "रुबिनाला बलाव. बाजा द्यायचा हाय."

ती आली. मास्तर उशीला टेकून कितीतरी वेळ तारा जुळवत बसले. पोटाला कान लावायचे, किल्ली पिळायचे, मान डोलवायचे. बारीक जोडी अजून किरकिरत होती, माझ्या दातांवर येत होती. शेवटी त्यांनी बाजा तिच्यापुढे धरला. "घे. तपास."

तिने एकेक जोडी छेडली. शेवटच्या जोडीवर थांबली. बापाच्या तोंडाकडे बघितलं. तेव्हा 'बराबर हाय' एवढं म्हणाली असती तर बाजा तिचा होता. पण खोटा सूर खरा म्हणायला तिला त्यांनी शिकवलंच नव्हतं.

"अब्बा, ही उतरेली हाय."

मास्तरांना ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "मी आज उतरवलीच न्हाई गं," ते म्हणाले. "आज बराबर करून दिला तुला. तू फसू नये म्हून. तरीबी फसली?"

मी जवळ जाऊन ओरडलो, "मास्तर, ती खरं बोलून राहिली! उतरलीय!"

"तू वायरवाला," ते म्हणाले. "तुला तारेतलं काय कळतंय?"

त्यांनी मला बाजा भिंतीवर टांगायला लावला. नंतर भिंतीकडे तोंड करून रडले. आपल्या मागे एकही कान राहिला नाही, असं त्यांना वाटलं. ते तसंच वाटून घेऊन ते आठवड्याभरात गेले. तिला काही बोलायला सवड राहिली नाही.

मास्तरांच्या चाळिसाव्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर रुबिनाने बाजा खाली काढला. सगळ्या जोड्या तपासल्या. शेवटच्या जोडीतल्या उतरलेल्या तारेची किल्ली जराशी पिळली, आणि इतक्या वर्षांनी ती जोडी मी पुन्हा तशी ऐकली, दोन तारा मिळून एक. तिने हळदीच्या दिवशी अर्धवट राहिलेलं गाणं शेवटपर्यंत वाजवलं.

मी म्हणालो, "घेऊन जा बाई. आता तुझाच आहे."

ती नाही म्हणाली. किल्ली उलटी फिरवून तिने ती तार पुन्हा मास्तरांनी ठेवली होती तेवढीच उतरवली, कान लावून खात्री केली आणि बाजा खुंटीला टांगला.

"त्यांनी दिला न्हाई, काका," ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.