पुसटसं टेक्स्चर

रोह्यात आमचं वेबसाइटचं छोटंसं ऑफिस आहे. मी डिझाइन करते, माझा भागीदार सुनील गिऱ्हाइकं आणतो आणि नेहा कोडिंग सांभाळते. वेबसाइटच्या पाठीमागे कागदासारखं, दगडासारखं पुसटसं टेक्स्चर द्यायची मला भारी हौस. आमच्याकडे किस्से साठलेत ते बहुतेक या हौसेपायीच.

पेणच्या एका मूर्तिकारांच्या साइटला मी शाडूच्या मातीचा पोत दिला. इतका हलका, की माझं मलाच कौतुक. काकांनी लॅपटॉप जवळ ओढला, खिशातला रुमाल काढला आणि स्क्रीन पुसायला लागले. बराच वेळ पुसून म्हणाले, "मशीन जुनं झालंय तुझं. डाग जात नाय."

कोलाडच्या रिसॉर्टवाल्याला नदीचं पाणी हवं होतं. दिलं, अगदी फिकट. "अजून दिसू दे." वाढवलं. "अजून." शेवटी पाणी एवढं चढलं की फोन नंबर बुडाला. काही दिवसांनी त्याचाच फोन. "तुमच्या साइटवरून एक बुकिंग नाय."

म्हटलं, "नंबर वाचता येत नाही ना."

"पण पाणी कसलं भारी दिसतंय!"

आम्हीही काही कमी नाही. एका साइटला टेक्स्चर तीन टक्के गडद ठेवायचं की चार, यावरून जेवायच्या सुट्टीभर माझं आणि सुनीलचं वाजलं. तो म्हणे डोळ्यांना टोचतंय, मी म्हणे जाणवतही नाही. नेहाने शांतपणे डबा संपवला, झाकण लावलं आणि म्हणाली, "फाइल अजून चढवलीच नाय मी. ते नुसतं पांढरं हाय."

आणि वरसे गावातला तो बिल्डर. त्याच्या साइटला मी गिलाव्याचा पोत दिला होता. त्याच्या ऑफिसात जाऊन दाखवला, तर तोंड वाकडं करून म्हणाला, "ओल आल्यासारखं दिसतंय. काढ."

"ओल नाही, टेक्स्चर आहे," मी म्हणाले. "मुद्दाम करतात. महागड्या साइटवर असतंच."

"मुद्दाम?" तो विचारात पडला.

तेवढ्यात त्याच्या बिल्डिंगमधल्या एक बाई आल्या. बेडरूमच्या भिंतीची तक्रार घेऊन त्या याआधीही येऊन गेलेल्या. बाळाचा पाळणा आता हॉलमध्ये हलवला होता त्यांनी. बोलता बोलता त्यांची नजर लॅपटॉपवर गेली.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच आमची भिंत. फोटो कधी काढलात?"

बिल्डरने खुर्ची मागे सारली. हसला.

"ताई, ती ओल नाय. टेक्स्चर हाय. मुद्दाम करतात."

मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "सांग गो त्यांना."