खफजीच्या वाळूत

सौदीतले अल खफजी गाव सोडले तेव्हा आकाश निरभ्र होते. अंटार्क्टिकाच्या दोन मोहिमा केल्यामुळे वादळे मला नवी नव्हती. या वेळी वाळवंटातली धूळ मोजायची होती. सोबत सहकारी सुधीर होता आणि गाडी चालवायला दापोलीचे इक्बालभाई.

वाटेत खबूस (तंदुरी रोटी) आणि डाळ खाल्ली. सुधीर मुलीच्या दहावीविषयी बोलत होता. पुढे डांबरी रस्ता संपला आणि सब्खा (मिठाची सपाट जमीन) लागली. पांढरी, कडक, थेट ध्रुवावरच्या बर्फासारखी. आमच्या यंत्राचा खांब तिथे उभा होता.

दुपारी उत्तरेला तपकिरी भिंत उठली.

"शमाल (उत्तरेचा वारा) आला, बाय. आता कुणी उतरू नका," इक्बालभाई काचा चढवत म्हणाले.

"यंत्र बुजलं तर सगळं काम वाया जाईल," सुधीर म्हणाला. "खांब समोर तर दिसतोय. पेटी काढतो आणि आलोच."

"थांब, दोरी बांधून जा!" मी ओरडले.

ध्रुवावर वादळात आम्ही दोरीशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकत नसू. इथली दोरी सामानाखाली होती. मी ती ओढून काढेपर्यंत दार आपटले होते.

आधी सुधीर दिसेनासा झाला, मग खांब, मग गाडीचे बॉनेटही. इक्बालभाईंनी हॉर्नवरचा हात उचललाच नाही. मी दोरीचे एक टोक गाडीला, दुसरे कमरेला बांधून खांबाच्या दिशेने गेले, ती ताणली जाईपर्यंत. हाका मारल्या तर तोंडात वाळू भरली. इक्बालभाईंनी मला ओढून आत घेतले.

"तुम्ही पण गेलात तर मी कुणाकुणाला शोधू?" ते रडत होते.

वारा पडल्यावर सुधीर सापडला. गाडीच्या मागच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर, पेटी पोटाशी धरून. त्याला दमा होता; श्वास केव्हाच थांबला होता. इक्बालभाईंनी डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या डोळ्यांतली, ओठांवरची वाळू पुसली. पेटीतले यंत्र अजून चालू होते.

परवानग्यांचे सोपस्कार उरकून मी त्याला घेऊन पुण्याला परतले. सगळे आटोपल्यावर सुधीरच्या पत्नीने, वहिनींनी, मला एकच विचारले, "गाडीपासून किती लांब होते हे?"

"बरेच लांब, वहिनी. बरेच."

त्यांनी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले.

मोजमाप करणे हेच आयुष्यभर माझे काम. पण ते अंतर मी अहवालात लिहिलेले नाही.